न पुसलेली सायकल

तात्यांनी उभ्या आयुष्यात दुकानातून आणलेली वस्तू कधी परत नेली नव्हती आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. एकदा आणलेली छत्री मिटेना, तर तात्यांनी ती घराच्या कोपऱ्यात उघडीच ठेवून दिली आणि अख्खा पावसाळा डोक्यावर पोतं घेऊन काढला. चपलांच्या जोडातली एक बोटभर मोठी निघाली, तेव्हा तिच्यात चिंधी कोंबून ते झिजेपर्यंत चालले. "दुकानदार काय बळजबरीनं गळ्यात मारतो? आपणच बघून घेतो. बघताना डोळे कुठं गेले होते?" असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांची बायको, म्हणजे घरातली म्हातारी, म्हणायची, "माझ्या बापानंही बघूनच घेतलं होतं. त्यानंही परत नाही केलं."

तात्या कालव्याचे राखणदार होते. भरावावरून सायकलनं जायचं, दारं उघडायची, दारं पाडायची, कुठं पाणी झिरपतंय का बघायचं, यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ती सायकल सुनेकडे आली. मुलगा ट्रकवर होता, घरी आला तर पाहुण्यासारखा. घर चालायचं ते सुनेच्या कोंबड्यांवर. परसात जाळी मारून तिनं खुराडी उभी केली होती. दिवसाआड पहाटे अंड्यांचे ट्रे कॅरियरला बांधून ती मोठ्या गावातल्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पोचवायची. आजाऱ्यांच्या न्याहारीला ती अंडी लागत. असं कायमचं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं आणि टिकवायला कंबर लागते, हे सून जाणून होती.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून दूर धरून सावलीत उभ्या राहायच्या आणि अंडी घालायच्या नावानं बोंब. जेमतेम दवाखान्यापुरती भरायची. नेमकी त्याच दिवसांत जुन्या सायकलची फ्रेम मधोमध तुटली. दोनदा सांधून झाली होती, तिसऱ्यांदा सांधणाऱ्यानं हात जोडले.

नवी सायकल तात्यांनीच पसंत केली. सायकलशेठचं दुकान मोठ्या गावाच्या तोंडाशीच होतं. तात्यांनी एकेक सायकल उचलून बघितली, चाकं फिरवली, टायर अंगठ्यानं दाबले. शेठ गल्ल्यावरून कौतुकानं बघत होते. "तात्या, तुमच्या नजरेतून काय सुटणार!" ते म्हणाले आणि कॅरियरवर थाप मारली. "गोणी टाका, बैल बसवा, हिला काही होणार नाही." सुनेला शेजारची जरा बोजड सायकल बरी वाटत होती. पण तात्यांनी हिरव्या रंगाच्या सायकलवर हात ठेवला आणि विषय संपला.

पहिल्याच फेरीत अंडी फुटली.

थोडी फुटली, म्हणून सून काही बोलली नाही. रस्त्याला खडी आहे, एखादा खड्डा लागला असेल. दुसऱ्या फेरीला जास्त फुटली. ट्रे बांधताना तिनं मधे कोंडा भरला, खाली जुनं पोतं घातलं, तरी तेच. रिकामी सायकल लोण्यासारखी पळायची. ओझं चढवून अर्धा रस्ता गेलं, की मागचं चाक हळूहळू डावीकडे सरकायचं, फ्रेमच्या दांडीला घासायला लागायचं, आणि सगळी सायकल हिवताप भरल्यासारखी थरथरायची. तिला उतरून ढकलत जावं लागे. पोचेपर्यंत उशीर, आणि ट्रेच्या खालून पिवळे ओघळ.

तात्या रोज संध्याकाळी पाना घेऊन बसत. चाक मधोमध आणून नट आवळत. आवळताना त्यांच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहत. "नवी आहे. बसेल हळूहळू," ते म्हणत. 

"कोण, सायकल?" म्हातारी विचारायची. "का आपण?"

चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो, ती डाव्या बाजूची खाच तिरकी जोडली होती. तात्यांना ते तिसऱ्याच दिवशी दिसलं होतं. नट कितीही आवळला तरी ओझ्याखाली एक्सल त्या उताराला लागणारच. तात्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सायकल त्यांच्याच नजरेखालून घरात आली होती.

शेवटी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या बाईंनी सुनेला उभं केलं. तिथला सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चाले. "बाई गं, मला अंडी हवीत, आम्लेट नको," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. संध्याकाळी खुराडी झाडता झाडता सुनेनं सासऱ्यांना सांगितलं, "तात्या, ही सायकल परत केल्याशिवाय गत्यंतर नाही."

तात्या म्हणाले, "मी जातो. माझ्या शब्दाला मान आहे तिथं."

आणि दुसऱ्या दिवशी तात्यांनी जे केलं, ते जगात फक्त तात्याच करू शकले असते. त्यांनी सायकल धुतली. राखेनं रिम घासून लख्ख केली, चेनला तेल दिलं. चाक मधोमध आणून नट असा आवळला, की तळहाताला घट्टा पडला. चाक घासून दांडीचा हिरवा रंग गेला होता, तिथं कुठून तरी हिरव्या रंगाचा डबा आणून काडीनं रंग भरला. फुंकर मारमारून वाळवला. मग स्वतः आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि निघाले.

यात लबाडी नव्हती, उलट लाज होती. कालव्यावर साहेब तपासणीला यायचे, त्याच्या आदल्या दिवशी राखणदारांनी झिरपणाऱ्या भेगांत चिखल लिंपायचा, दारांची चाकं चमकवायची, हा शिरस्ता. साहेब खूश होऊन जात, दुरुस्तीचे पैसे मंजूर होत नसत, आणि पुढच्या आवर्तनाला भेगा पुन्हा वाहत. तीस-पस्तीस वर्षं हेच केलेल्या माणसाला, मोडकी वस्तू मोडक्या रूपात दुसऱ्याच्या दारात न्यायची असते, हे सुचणार कसं? पोराला डॉक्टरकडे नेतानासुद्धा आपण आधी त्याचं नाक पुसतोच की.

शेठनी तात्यांना स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. सायकल स्टँडवर घेतली आणि मागचं चाक फिरवलं. चाक असं फिरलं, की बघत राहावं.

"काय झालंय हिला?" शेठ म्हणाले.

"ओझं टाकलं की चाक सरकतं."

"कुठं सरकतं?" शेठनी पुन्हा फिरवलं. "घासलं असतं तर खूण नसती पडली? बघा, रंगाला ओरखडासुद्धा नाही."

तात्या रंगाकडे बघत राहिले. स्वतःच्याच हातानं दिलेला रंग!

"अंडी फुटतात," ते पुटपुटले.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. शेठ त्यांच्याकडे बघून हसले. "अंडी फुटली म्हणून सायकल परत! उद्या पाय घसरला तर रस्ता परत करणार का, तात्या?" गिऱ्हाइकं हसली. शेठही काही वाईट माणूस नव्हता. गिऱ्हाइकांपुढे विनोद सुचला तर तो गिळायचा कसा, हे फार थोड्या दुकानदारांना जमतं. मग त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. "आणि खरं सांगू का? सुनेला जपून चालवायला सांगा."

तात्यांनी पाणी अर्धंच प्यायलं. सायकल हातात धरून ते घरापर्यंत चालत आले. बसावंसं वाटलं नाही.

"काय म्हणाले?" सुनेनं विचारलं.

"म्हणाले, चांगली आहे."

म्हातारीनं सायकलकडे बघितलं, नवऱ्याच्या बोटांवरच्या हिरव्या डागाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही तक्रार करायला गेला होतात का हिचं लग्न जमवायला?"

त्यावर सूनसुद्धा हसली. तात्यांना मात्र ते फार लागलं.

पुढच्या फेरीला पुन्हा तेच झालं. मोठ्या बाईंनी ट्रे उघडून बघितले आणि फुटकी अंडी एका पातेल्यात काढायला सांगितली. मग सुनेला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला अशी आली, तर त्यानंतर तू येऊ नकोस. मला वाईट वाटेल, पण आजाऱ्यांना वेळेवर खायला घालायचं असतं." सून उभीच राहिली. ट्रे बांधायची दोरी ती उगाच गुंडाळत राहिली, सोडत राहिली. बाईंनी ते बघितलं. त्यांनी तिला आत बसवलं, चहा दिला आणि सायकलची सगळी हकिगत काढून घेतली. तात्यांनी दिलेल्या रंगापाशी आल्यावर त्या इतक्या हसल्या, की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

"पावती आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण त्यांच्याकडे पाटी आहे, माल परत घेत नाही म्हणून."

"पाटी लावून कायदा होतो होय? मग मीही लावते, इथं कुणी मरायचं नाही म्हणून. वस्तू सदोष निघाली तर बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत. हा तुझा हक्क आहे, त्यात त्याचे उपकार नाहीत. आमच्या मिक्सरचं असंच झालं होतं. ग्राहकांच्या तक्रारी घ्यायचं कार्यालय कचेरीच्या मागच्या अंगाला आहे. तिथवर जायची वेळ बहुतेक येत नाही. नकार देत असेल तर त्याला म्हणावं, लिहून दे. लिहायला कुणाचा हात वळत नाही." मग त्यांनी बोट उगारलं. "आणि एक. सायकल आहे तशी ने. तुझ्या सासऱ्यांना म्हणावं, हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही, हे बोलायला सोपं होतं.

सायकल भिंतीला टेकून उभी होती. मागचं चाक डावीकडे कललेलं. दांडीवरचा तात्यांचा रंग खरवडून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. मडगार्डवरून, चेनवरून पिवळ्या बलकाचे ओघळ येऊन वाळले होते आणि उन्हं कलेपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. तात्या परसात जायचे, पाणी प्यायचं निमित्त काढून परत यायचे, आणि प्रत्येक वेळी त्यांची नजर त्या मुंग्यांवर जायची. एकदा ते नुसतेच सायकलपाशी उभे राहिले. हातात सवयीनं फडकं आलेलं.

"अहो," म्हातारी चुलीपाशी बसून म्हणाली, "ते फडकं खाली ठेवा."

"मुंग्या टायर खातील."

"खाऊ देत. त्यांनाही कुणीतरी विकलंच असेल काहीतरी." मग तिचा आवाज जरा खाली आला. "लोकांनी आपलं मोडकं बघितलं तर बघू द्या की. आपण मोडलं नाही ना ते?"

तात्यांनी फडकं खुंटीला अडकवलं. त्यांना एकदम थकल्यासारखं वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

सकाळी सुनेनं कॅरियरवर कोंबडखाद्याची गोणी बांधली आणि वर अंड्यांचा एक ट्रे. अंडी द्यायला म्हातारीचा जीव होत नव्हता. "फोडायलाच न्यायची तर बारीक बघून ने," म्हणून तिनं स्वतः निवडून दिली. निघताना तात्यांनी चाक मधोमध आणलं नाही, नट आवळला नाही. पाना घरीच ठेवला. सून सायकलवर आणि तात्या मागून चालत. कालव्याच्या पुलापाशी तात्यांनी तिला गाठलं, तेव्हा ती उतरून उभी होती. चाक घासत होतं.

"ढकलू?" तात्यांनी विचारलं.

"ढकलू या. पण सरळ करायचं नाही."

मग दोघं मिळून ती करकरणारी सायकल ढकलत निघाले. ऊन पाठीवर आलं होतं. रस्त्यानं भेटणारे विचारत, "तात्या, नवी ना ही?" आणि तात्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते, "नवी आहे, पण खराब निघाली." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. बाजारपेठ येईपर्यंत ते सरावले.

कामावर जाणाऱ्यांची पंक्चरं असल्यानं सायकलशेठचं दुकान सकाळीच उघडे. शेठ एका गिऱ्हाइकाला सायकल दाखवत होते. तशीच हिरवी. ही वरात पायरीशी आलेली बघून त्यांनी नाक दाबलं.

"अहो, हे काय आणलंत दारात? धुवून तरी आणायची!"

"धुवून आणली होती परवा," सून म्हणाली. "तेव्हा तुम्हाला काही दिसलं नाही. आज दिसतंय ना?"

शेठ वाकले. चाक दांडीला चिकटलं होतं. त्यांनी गोणी चाचपली. "ओझं किती घातलंय! सायकल आहे ही, ट्रक नाही."

"तुम्ही तर बैल बसवा म्हणाला होतात. आम्ही कोंबड्यांवर भागवलं."

नवं गिऱ्हाईक हसलं. शेठ हसले नाहीत. ते म्हणाले, "ठेवून जा, पोरांकडून ठोकून सरळ करून देतो. फुकट."

"ठोकून किती दिवस? सांधाच वाकडा जोडलाय. बदलून द्या."

"अहो ताई, वरून कंपनीकडून येतं तसं आम्ही विकतो. माझा काय दोष?"

"मग तुम्हीही वर परत पाठवा. वर कोण बसलंय ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही तुम्हाला पैसे दिले." तिनं पावती काढली. "नाही बदलायची असेल, तर एवढंच मागे लिहून द्या. नाही बदलत म्हणून. आम्ही तक्रारीच्या कार्यालयात दाखवू."

शेठनी पावतीकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, आणि पेन काही उचललं नाही. त्याऐवजी ते तात्यांकडे वळले. तात्या पायरीच्या खाली, उन्हात उभे होते.

"तात्या, तुम्ही जुने माणूस. तुम्हीच सांगा. परवा तुमच्यासमोर चाक फिरवलं की नाही? ठीक होतं की नाही?"

सुनेनं मागे वळून बघितलं. तात्यांच्या मानेवर घाम होता. खोटं बोलायची तर त्यांना सवय नव्हती, आणि खरं सांगायचं म्हणजे चारचौघांत स्वतःच्या नजरेचा पंचनामा करायचा. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं मान पुसली.

"ठीक होतं," ते म्हणाले, "कारण मी ते ठीक करून आणलं होतं. घासलेल्या जागी रंगही मीच दिला. मला लाज वाटली, शेठ. सायकल मी निवडली होती. सून दुसरीच घेऊ म्हणत होती." ते पायरी चढून वर आले. "चूक माझी एवढीच. खाच मी तिरकी नाही जोडली."

सून खाली बघत होती. तिला वाटलं, आता या माणसाला घरी न्यावं आणि सावलीत बसवावं.

"आता असं करा," तात्या म्हणाले. "तुम्ही बसा हिच्यावर. त्या वळणापर्यंत जाऊन या. गोणी आहे, अंडी आहेत. अंडी शाबूत राहिली तर मी हीच घेऊन जातो आणि पुन्हा तुमची पायरी चढत नाही."

शेठनी हँडलला हात लावला. थरथरत इथवर आलेली सायकल उभ्या उभ्या करकरली. ट्रेखालून बलक गळत होता. शेठनी स्वतःच्या इस्त्रीच्या पॅंटकडे बघितलं, वळणाकडे बघितलं, मग त्या नव्या गिऱ्हाइकाकडे. गिऱ्हाईक हातातली हिरवी सायकल हळूच भिंतीला टेकवून बाजूला झालं होतं.

"बसा ना, शेठ," गिऱ्हाईक म्हणालं. "मलाही बघू द्या."

शेठ काही बसले नाहीत. त्यांनी हँडल सोडलं, रुमालाला हात पुसले आणि आत हाक मारली, "ती काळी, जाड कॅरियरची काढ रे बाहेर." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "वरचे पैसे नकोत."

"मी कुठं देऊ केले होते," सून म्हणाली.

काळी सायकल आली. तात्यांचा हात सवयीनं चाक फिरवायला गेला आणि मधेच थांबला. त्यांनी गोणी उचलायला सुनेला हात दिला. दोघांनी ती काळ्या सायकलवर बांधली, उरलेली शाबूत अंडी वर ठेवली. शेठ काही म्हणायच्या आत तात्यांनी धोतर वर खोचलं आणि टांग मारली. कालव्यावरची नोकरी सुटल्यापासून ते ओझं घेऊन सायकलवर बसले नव्हते. पहिल्या दोन पायडलांना गुडघे बोलले. सून दोन पावलं त्यांच्यामागे धावली, मग थांबली. तात्या पेठेतून गेले, वळणाशी दिसेनासे झाले आणि बराच वेळ आले नाहीत. सुनेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शेठही पायरीवर येऊन उभे राहिले.

मग तात्या दिसले. सावकाश, ताठ, खडीच्या पट्ट्यातून मुद्दाम सायकल घालत आले. पायरीशी उतरले. सुनेनं ट्रेवरचं पोतं उचललं. सगळी अंडी जागच्या जागी होती. ती बघून तिला इतकं मोकळं वाटलं, की ती तिथंच पायरीवर बसली. उद्याची फेरी वेळेत जाणार होती.

"झालं समाधान?" शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात आता नुसता थकवा होता.

तात्या धापा टाकत होते. चेहरा लाल झाला होता. त्यांनी सायकल स्टँडला लावली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मग हँडलवरच्या घंटीवर अंगठा दाबला. घंटी खर्रकन घोगरी वाजली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

सून हळूच म्हणाली, "राहू द्या तात्या. घंटीचं काय एवढं? घरी तेल घालू."

तात्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. परवा गिऱ्हाईक म्हणून ज्या स्टुलावर त्यांना बसवलं होतं, ते त्यांनी स्वतः ओढून घेतलं, त्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले,

"घंटी खराब आहे, शेठ. बदलून द्या."